मेथीच्या वाफ्यातलं क्लोव्हर

मार्टिनचा फोन आला तेव्हा मी कणीक भिजवत होते. हात पिठाचे, म्हणून कोपरानंच स्पीकर लावला. "सुनीता, आधी खाली बस," तो म्हणाला आणि तिथंच मला कळलं. जुलैची संध्याकाळ होती, बाहेर लख्ख ऊन. विलास, माझा नवरा, आमच्या रानातल्या हाय सीटवर बसल्या बसल्या गेला होता. हाय सीट म्हणजे शिकाऱ्यानं झाडाला टेकवून उभी केलेली शिडी आणि तिच्या टोकावर एक खुर्ची. मार्टिन हा त्या रानाशेजारचा शेतकरी आणि विलासचा शिकारीतला जोडीदार. त्याला कुंपणापलीकडून विलासची टोपी दिसली, त्यानं हाक मारली, उत्तर आलं नाही. "अगदी शांतपणे गेला गं. खाली क्लोव्हरच्या चाऱ्यात त्याची हरणं चरत होती, एकानंही मान वर केली नव्हती." हे वाक्य मग इंग्लंडमधल्या आमच्या रीडिंग गावभर फिरलं. भेटायला येणारा प्रत्येक जण माझा हात हातात घेऊन म्हणायचा, काय पुण्यवान माणूस, मुक्या जनावरांच्या सोबतीत गेला! मी मान डोलवायचे. मनात म्हणायचे, डोंबलाचा पुण्यवान. ज्यांना वर्षभर खाऊ घालून थंडी पडली की गोळी घालायची, ती म्हणे त्याची हरणं...

पुरवणीच्या संपादक बाई म्हणाल्या, "सुनीताताई, विलासरावांवर तुम्हीच लिहा. अगदी मनापासून." मनापासून लिहायचं तर ते हे असंच येणार. त्यांना छापायचं तर छापू देत. लग्नानंतर बरीच वर्षं मी त्याला अहो म्हणायचे आणि चिडले की विलास. गेली काही वर्षं तो नुसता विलासच झाला होता. पुण्याहून आम्ही आलो तेव्हा त्याला इथं एम-फोर हायवेच्या कडेच्या एका ऑफिसात नोकरी होती, मला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मिळाली. माणूस देखणा, बोलायला गोड, आणि खाऊ घालण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नवीन कुटुंब रीडिंगमध्ये आलं की पहिल्या शनिवारी आमच्याकडे जेवायला. तांबडा रस्सा तो स्वतः करायचा, वाढायचाही स्वतः, पाहुण्याला नको नको होईपर्यंत. आणि रविवारी त्याच पाहुण्याला फोन, गणपतीच्या हॉलची जबाबदारी तू घे बरं का. नाही कोण म्हणणार? कालचा रस्सा अजून पोटात असायचा. लोक हसत हसत कामाला लागायचे. मीसुद्धा हसायचे तेव्हा. मला वाटायचं, हा त्याचा स्वभाव आहे. ती त्याची पद्धत होती.

रिटायर झाल्यावर आमचं लेस्टरला जायचं ठरलं होतं. माझी धाकटी बहीण तिथं आहे, बेलग्रेव्ह रोडवर पायी जाऊन कोथिंबीर आणता येते, दुपारी चार बायका गप्पांना जमतात. मी तिथली घरंही बघायला लागले होते. आणि एका रविवारी विलास म्हणाला, चल, तुला एक जागा दाखवतो. गाडीनं अर्धा-पाऊण तास, मग एक चिखलाची वाट, मग बर्च आणि ओकचं रान, आणि मध्ये एक मोकळा उन्हाचा तुकडा. "ही तुझी बाग," तो म्हणाला. "लेस्टरला तुला बाल्कनीत कुंड्या लावाव्या लागतील. इथं मेथी लाव, माठ लाव, वाटाणा लाव. मी कुंपण घालून देतो, पाण्याची टाकी बसवतो. तू नुसती राणीसारखी ये आणि भाजी खूड." लॅबमध्ये आयुष्यभर काचेच्या नळ्या हाताळलेल्या बाईला कुणी असं म्हणालं की ती भुलणारच. भुलले. रान विकत घेतलं आणि लेस्टर मागे पडलं ते कायमचंच. बहिणीनं फोनवर एवढंच विचारलं, "भाजीसाठी मला सोडलंस होय गं?" मला तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं.

पहिल्याच उन्हाळ्यात मेथी अशी तरारून आली की बघत राहावं. मी गुडघे टेकून वाफे केले होते, माती चाळली होती, कंबर मोडून घेतली होती. कुंपण मात्र आज होतंय, उद्या होतंय. जाळी आणून ठेवलेली, खांब आणून ठेवलेले, आणि विलासचं आपलं, "पुढच्या वीकेंडला बघू." एका सकाळी गेलो तर वाफ्यांत नुसते बुडखे. वाटाणा तर मुळासकट उपटलेला. मी मटकन खालीच बसले. विलास मात्र वाकून मातीतले खुरांचे ठसे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर... कसं सांगू, त्याला लॉटरी लागली होती. मी परत पेरलं, हरणांनी परत खाल्लं. तिसऱ्यांदा पेरताना मी म्हटलं, अहो, आता तरी जाळी लावा! तर म्हणे, "लावतो गं, आधी बघू तरी किती येतात." तो बघतच होता. झाडावर चढून बसायचा आणि बघायचा. ऑक्टोबरात त्यानं मार्टिनबरोबर पहिलं हरीण मारलं ते माझ्या मेथीच्या वाफ्यात. मला उत्साहानं फोटो दाखवला. ठिपक्यांचा नर आडवा पडलेला, तोंडात माझी मेथी. "बघ, तुझ्या मेथीची कमाल!" म्हणाला. त्या दिवशी माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

मला कुणी शाकाहाराचे धडे देऊ नयेत. मी मटण खाते, मासे खाते, हाडं चोखून खाते. इथं हरणं बेसुमार वाढलीत, रोपं खातात, गाड्यांखाली येतात, त्यांना मारावं लागतं, हेही मला माहीत आहे. विलासकडे रायफलचं लायसन्स होतं, सगळं कायदेशीर, सगळं रीतसर. कुणी रानात जाऊन, शोधून, दमून हरीण मारलं तर माझं काही म्हणणं नाही. पण विलास शोधायचा नाही. बोलवायचा. माझ्या मेथीनं त्याला वाट दाखवली आणि मार्टिननं त्याला क्लोव्हर दाखवलं. मेथीसारखीच तीन पानं, मेथीसारखंच कोवळं, पण एकदा पेरलं की वर्षानुवर्षं जमिनीला चिकटून राहणारं. रानातली माती आंबट, म्हणून त्यानं गाड्याच्या गाड्या चुना आणून पसरला. माझे वाफे नांगरून सपाट केले. बी पेरून रोलर फिरवला. जी जाळी माझ्या मेथीला कधी लागली नाही ती क्लोव्हर रुजेपर्यंत त्याला लागली! रुजल्यावर काढून टाकली, दार उघडावं तशी. आणि मला म्हणतो, "तुझ्या बागेपेक्षा हिरवं दिसतं की नाही?"

मग सुरू झाला त्याचा रोजचा नेम. ऊन असो, पाऊस असो, संध्याकाळी रानात फेरी. बंदूक नाही, काही नाही. ठरलेल्या वाटेनं जायचं, ठरलेल्या जागी थांबायचं, हळू आवाजात काहीतरी बोलत राहायचं, म्हणजे हरणांना सवय होते. पुढेपुढे ती त्याला बघून मान खाली घालून चरत राहायची. लोक कौतुकानं व्हिडिओ काढायचे, विलासकाका आणि त्यांचा कळप! थंडीत मग तो वर चढून बसायचा. एकटं-दुकटं असेल तेव्हाच मारायचा, कळपासमोर कधीच नाही. "घाई केली की बिचकतात," मला समजावून सांगायचा, पोळीचा तुकडा मोडत. "एक मारायचं, मग काही आठवडे नुसतं फिरून यायचं. त्यांना कळतच नाही कुणी गेलं ते." मी एकदा ताटावरून उठले. म्हटलं, "विलास, तुला लाज वाटत नाही? ती विश्वासानं येतात रे." तो शांतपणे म्हणाला, "म्हणून तर येतात." आणि पुढे काय विचारावं या माणसानं? "रस्सा वाढू का अजून?"

आमचं भांडण त्या एका वाक्यावर अडकून राहिलं. मी नंतर त्या रानात पाऊल टाकलं नाही. फ्रीझरमध्ये त्याची पाकिटं असायची, मी माझा कप्पा वेगळा केला. आमची मुलगी रेवा मँचेस्टरला हॉस्पिटलमध्ये आहे, इथंच जन्मली, इथंच वाढली. ती म्हणायची, "आई, इट्स जस्ट डिअर. तू बाबावर का एवढी अँग्री असते?" तिला कसं सांगणार की मला त्या हरणांत कोण दिसतं! लेस्टर सोडून राणीसारखी भाजी खुडायला आलेली एक बाई दिसते. ते मी तिला सांगितलं नाही. विलासला मात्र एकदा सांगितलं होतं. तो मनापासून हसला. "तुला मी मारलं का?" म्हणाला. "जिवंत आहेस की!"

इथं अंत्यसंस्काराची तारीख मिळायलाच वेळ लागतो, त्यामुळे दहावा कुठला धरायचा यावरच आधी चर्चा झाली. आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार एका बँकेच्या आयटीत असतात, त्यांनी ऑगस्टातला एक शनिवार दिला. पिंड कुठं ठेवायचे? रेवा म्हणाली, बाबाच्या क्लोव्हरमध्ये, दुसरीकडे कुठंच नाही. झालं! इतक्या वर्षांनी मी त्या तुकड्यावर उभी राहिले. पांढऱ्या फुलांनी भरून गेला होता, मधमाश्या घोंगावत होत्या, आणि माझे वाफे कुठं होते ते मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. रेवानं विधी केले. पिंड पत्रावळीवर ठेवले, दहीभात ठेवला, आम्ही मागे सरलो. ओकवर कावळे होते की, चांगले चार-पाच. एकही खाली येईना. गुरुजी म्हणाले, त्यांची काही इच्छा राहिली असेल तर बोला, शब्द द्या. रेवा रडत रडत म्हणाली, "बाबा, मी आईला लुक आफ्टर करीन." कावळे ढिम्म. मार्टिन बिचारा सूट घालून आला होता, त्याला सगळं समजावून सांगितल्यावर तो टोपी काढून पुढे झाला आणि म्हणाला, "विलास, दोस्ता, तुझ्या क्लोव्हरची काळजी करू नकोस. मी बघतो." कावळ्यानं मान वळवली पण उतरला नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"सुनीताताई, तुम्ही म्हणा," गुरुजी म्हणाले. "म्हणा, तुमचं रान मी सांभाळीन."

"मी नाही म्हणणार," मी म्हटलं.

"आई, प्लीज. फक्त बोलायचं आहे."

"फक्त बोलायचंच तर त्याला आयुष्यभर येत होतं. राहू दे त्याची इच्छा अपुरी. माझी राहिली, त्याचीही राहू दे."

मार्टिननं रेवाला हळूच विचारलं, आई काय म्हणाली, आणि तिनं ते त्याला सांगितलं नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही सामान आवरायला लागलो. तेवढ्यात रानाच्या कडेनं एक हरिणी बाहेर आली. मागे पाडस. आम्ही इतकी माणसं उभी, काळ्या-पांढऱ्या कपड्यांत, भांड्यांचा आवाज होतोय, आणि ती सरळ चालत आली, पत्रावळीवरचा दहीभात हुंगला आणि खायला लागली. पाडसानं क्लोव्हरमध्ये बसून घेतलं. रेवा तोंडावर हात ठेवून रडायला लागली. गुरुजींनी चक्क हात जोडले. "विलासराव आले," म्हणाले. सगळ्यांच्या अंगावर काटा आला म्हणे. माझ्या अंगावरही आला. मला एवढंच दिसत होतं की ही घाबरत नाही. भर दिवसाउजेडी, एवढ्या माणसांत, ही बाई पोराला घेऊन जेवायला बसली आहे. आणि मार्टिन माझ्याशेजारी उभा राहून प्रेमानं, हो, प्रेमानंच म्हणाला, "नोव्हेंबरपर्यंत छान भरेल ती." इथं माद्यांच्या शिकारीचा हंगाम नोव्हेंबरात उघडतो.

मी मार्टिनला तिथंच सांगितलं, माझ्या जमिनीवर आता कुणी गोळी घालायची नाही. तो म्हणाला, अर्थात, तुझी जमीन, तुझा शब्द. वाईट माणूस नाही तो, त्यानं माझं रागावणंही मनावर घेतलं नाही. पण पुढच्या आठवड्यात आमची हाय सीट नीट उचलून कुंपणापलीकडे, स्वतःच्या शेतात, माझ्या क्लोव्हरकडे येणाऱ्या वाटेवर उभी केली. त्याचं शेत, त्याचा परवाना, तोही रीतसर. हरणं त्याच्याच शेतातून येणार आणि त्याच्याच शेतातून परत जाणार, फक्त जेवण माझ्याकडे. मी फोन केला तर म्हणाला, "सुनीता, मी त्यांना बोलवत नाही. तुमचं क्लोव्हर बोलवतं." मग मी ट्रॅक्टर बोलावून सगळा तुकडा नांगरून घेतला. रेवा फोनवर किंचाळली, "आई, ती बाबाची मेमरी होती! तिथं आम्ही बेंच लावणार होतो!" मी म्हटलं, बेंच लाव, झेंडा लाव, पण हे हिरवं मला नको. सप्टेंबरात पाऊस झाला आणि क्लोव्हर परत आलं. नांगरानं तुटलेल्या प्रत्येक तुकड्यातून आलं, आधीपेक्षा कोवळं. हरणं हजर! मेला, जमिनीत सुद्धा मुरून बसला होता.

म्हणजे आता एकच उरलं. क्लोव्हर जात नाही तर हरणांचा विश्वास घालवायचा. त्यांना या जागेची भीती बसली पाहिजे, आणि ती नोव्हेंबरच्या आत. मी स्टीलचं ताट आणि डाव घेऊन संध्याकाळी रानात गेले. ऑक्टोबरचा गारठा, माझा कोट ड्रायक्लीनिंगला, म्हणून खुंटीवरचं विलासचं मेणकापडाचं जॅकेट अंगावर चढवलं. तो रोज तेच घालायचा, बारा महिने, आणि कधी धुवू द्यायचा नाही. क्लोव्हरमध्ये कळप होता. मी ताट बडवलं, ओरडले, चला, चालते व्हा, हाड्, हाड्! त्यांनी माना वर केल्या. वारा माझ्याकडून त्यांच्याकडे जात होता. आणि ती पाडसवाली, तिनं नाक वर करून हवा हुंगली आणि पळायच्या ऐवजी माझ्याकडे चालत आली. बाकीच्याही मागोमाग आल्या. पार हाताच्या अंतरावर येऊन त्या क्लोव्हर खायला लागल्या. मी ताट बडवत होते, घसा फोडत होते, शिव्या देत होते, त्या बायांना आणि त्यालाही. आणि त्या खात होत्या. त्यांच्या लेखी विलास आला होता, आणि विलासला कधी घाबरायचं नसतं.

घरी येऊन मी ते जॅकेट मशीनमध्ये टाकलं. मेणाचं जॅकेट मशीनमध्ये धुवायचं नसतं हे मला चांगलं माहीत आहे. गरम पाणी, पावडर दुप्पट. बाहेर काढलं तेव्हा त्याची चिंधी झाली होती, तरी परत टाकलं. वाळल्यावर तेच घालून मी पुन्हा रानात गेले, मुद्दाम तेच. वारा तसाच होता. हरिणीनं मान वर केली, नाक वर केलं, थबकली. मी ताटावर डाव मारला. एकदाच मारला असेन... सगळा कळप एका झटक्यात उधळला, पाडस आईच्या पुढे, आणि कुंपणापलीकडे न जाता उलट दिशेला, रानात खोल. मी नाचायचीच बाकी होते. "पळा!" मी ओरडले. "पळा गं बायांनो, परत येऊ नका!" डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, ते आनंदाचंच होतं असं मी छातीठोकपणे सांगते. तेव्हापासून रोज संध्याकाळी जाते. क्लोव्हर असेपर्यंत जावं लागणार आणि क्लोव्हर काही इतक्यात जात नाही. येतात अजून, पण आता एका आवाजात पळतात.

त्या पहिल्या दिवशी परत गाडीत येऊन बसले. जॅकेटची कॉलर वर ओढली आणि, का कोण जाणे, नाकाशी नेली. नुसती साबणाची पावडर. दुसऱ्या बाजूनं हुंगून पाहिलं, बाहीत पाहिलं, अस्तर उलटं करून पाहिलं. कुठंच नव्हता. घरी त्याचे बाकीचे सगळे कपडे मी केव्हाच धुऊन देऊन टाकले होते.

"बरं झालं," मी मोठ्यानं म्हणाले आणि गाडी सुरू न करता तिथंच बसून राहिले.